दोन मिलिमीटरची करोनरी : आल्कापा आणि आर्टेरियल स्विचमधले बारकावे

सातशून्य

फॅलोच्या (हृदयाचा दुसरा एक जन्मजात दोष) धाग्यावर गाडी सारखी करोनरीकडे, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीकडे, वळत होती, म्हणून हा वेगळा धागा. दोनच शस्त्रक्रिया घेऊ. दोन्हींत मुख्य काम तेच : तान्ह्या बाळाची करोनरी चुकीच्या जागेवरून सोडवायची आणि महारोहिणीवर योग्य जागी बसवायची.

आल्कापामध्ये डावी करोनरी महारोहिणीऐवजी फुप्फुस रोहिणीतून (पुढे नुसतं पीए) निघते. साधारण तीन लाख जन्मांत एक. ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी १९३३ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ती त्या तिघांच्या नावाने सापडते. शस्त्रक्रिया न केल्यास बहुतेक बाळं वर्ष काढत नाहीत.

टीजीएमध्ये (मोठ्या नळ्यांची जन्मजात उलटापालट) महारोहिणी हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून आणि पीए डाव्या कप्प्यातून निघते. मोठ्या नळ्यांची अदलाबदल करायची कल्पना जुनीच होती, पण घोडं अडायचं ते करोनरीपाशी. साओ पाउलोत अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये करोनरींसकट अदलाबदल करून दाखवली, तीच आर्टेरियल स्विच. तोवर सेनिंग किंवा मस्टर्ड पद्धतीने रक्त वरच्या कप्प्यांतच वळवलं जायचं आणि उजवा कप्पा जन्मभर महारोहिणीचा भार ओढायचा.

नवख्यांना वाटतं की अवघड भाग शिवण्याचा. ८-० प्रोलीन (अगदी बारीक धागा) आणि चांगला लूप (डोळ्यावरचं भिंग) असला की शिवणं शिकता येतं. अवघड आहे ते जागा ठरवणं. हृदय रिकामं, थंड आणि लोळागोळा असताना तुम्ही बटण (करोनरीचं तोंड आणि त्याभोवतीची भिंत) बसवता. तासाभराने ते भरतं, फुगतं, थोडं वळतं, आणि तेव्हा ती दोन मिलिमीटरची नळी कुठे असेल याचा अंदाज आधीच बांधायचा असतो.

प्रोबवाली

शस्त्रक्रियेआधी निदानाचं बोलू, कारण आल्कापा तिथेच हुकतो. गर्भात पीए आणि महारोहिणीतला दाब सारखाच असतो, म्हणून करोनरी कुठूनही निघाली तरी चालतं. जन्मानंतर फुप्फुसाचा रोध उतरतो, पीएमधला दाब पडतो, आणि सहा-आठ आठवड्यांत डाव्या करोनरीत रक्त उलटं वाहू लागतं. उजवीकडून जोडवाहिन्यांतून आलेलं रक्त स्नायूला न मिळता पीएमध्ये सांडतं. बाळ दूध पिताना मध्येच थांबतं, कपाळावर घाम येतो, कळवळून रडतं. घरात 'पोटात वात धरलाय' म्हणून हिंग लावला जातो. दवाखान्यात छातीच्या फोटोत हृदय मोठं दिसलं की 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी' (फुगलेलं, ढिलं हृदय) अशी चिठ्ठी लागते.

ईसीजी आधी बघा. लीड वन, एव्हीएल आणि व्ही५-व्ही६ मध्ये खोल, रुंद क्यू लहरी म्हणजे तान्ह्या बाळाला इन्फार्क्ट (हार्ट अटॅक). त्याला दुसरं कारण शोधत बसण्याआधी करोनरी शोधा.

इकोत नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर विश्वास ठेवू नका. महारोहिणीच्या मागचा ट्रान्सव्हर्स सायनस (एक पोकळ जागा) नेमका अशा कोनात येतो की डावी करोनरी महारोहिणीलाच चिकटलेली भासते. कलर लावा, वेगाची मर्यादा २०-३० सेंटिमीटर प्रतिसेकंदापर्यंत खाली आणा आणि प्रवाहाची दिशा बघा. डाव्या करोनरीत उलटा प्रवाह, पीएमध्ये डायस्टोलला (हृदय सैल पडतं तेव्हा) शिरणारी बारीक धार, फुगलेली उजवी करोनरी, सेप्टममध्ये (कप्प्यांमधला पडदा) रंगाचे ठिपके, झडपेला धरणारे पॅपिलरी स्नायू पांढरे चकाकणारे, गळणारी मायट्रल झडप. यातल्या दोन-तीन गोष्टी जमल्या की पुढे सीटी अँजिओ. डावा कप्पा फुगलेल्या कुठल्याही तान्ह्याच्या रिपोर्टवर 'दोन्ही करोनरींचा उगम रंगासह पाहिला' हे वाक्य नसेल, तर तो रिपोर्ट अर्धाच धरायचा.

तालुका_डॉक

पालघरला २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाल्यापासून अंगणवाडी-शाळा तपासणी आणि पुढे डीईआयसी (जिल्ह्याचं लवकर-उपचार केंद्र) अशी साखळी झाली आहे. प्रसूतिगृहांत पल्स ऑक्सिमीटरही आहे. प्रश्न असा : या चाळणीत हे दोन्ही आजार सापडतात का? आणि टीजीएचं बाळ आमच्याकडून शहरात पाठवताना नेमकं काय तयार ठेवायचं?

प्रोबवाली

टीजीए सापडतो, आल्कापा नाही. आल्कापात सॅच्युरेशन पूर्ण नॉर्मल असतं आणि पहिल्या आठवड्यात बाळ गुटगुटीत असतं. तो सापडेल सहा-दहा आठवड्यांच्या लसीकरणाच्या फेरीत, दूध पिताना घामेजणारं बाळ कोणी नीट विचारून पाहिलं तर.

ऑक्सिमीटरची रीत : २४ तास उलटल्यावर, उजवा हात आणि कुठलाही एक पाय. कुठेही ९० च्या खाली आलं तर लगेच इको. कुठल्याही एका जागी ९५ किंवा वर आणि दोन्हींतला फरक ३ पर्यंत, तर पास. मधलं काही आलं तर तासाने पुन्हा, असं आणखी दोनदा. उजवाच हात का, तर डाव्या हाताकडे जाणाऱ्या रक्तात डक्टचं (पीए आणि महारोहिणीला जोडणारी गर्भातली नळी) रक्त मिसळण्याची शक्यता असते. पाय गार असेल तर आधी ऊब द्या. गार पायावर मशीन काहीही आकडा दाखवतं.

भूलथाप

वाहतुकीचं मी सांगतो. टीजीएमध्ये बाळ निळं असतं आणि ऑक्सिजनने फारसा फरक पडत नाही. डक्ट उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन ई१. अँप्युल ५०० मायक्रोग्रॅमचं, फ्रिजमध्येच ठेवायचं. ५० मिलीत मिसळलं की १ मिलीत १० मायक्रोग्रॅम. ३ किलोच्या बाळाला ०.०५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट म्हणजे तासाला ९ मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ०.९ मिली. हा हिशेब कागदावर लिहून सिरिंजलाच चिकटवा. दशांशचिन्ह एक घर सरकलं की दहापट डोस जातो.

दुसरी सलाइनची शीर आधीच लावून ठेवा. औषधाचं अर्धआयुष्य मिनिटाच्या आसपास आहे. घाटात सुई निसटली आणि शीर शोधण्यात वीस मिनिटं गेली, तर तेवढ्यात डक्ट आवळते. श्वास थांबणे हा ठरलेला दुष्परिणाम, २ किलोखालच्या बाळांत जास्त. म्हणून अँबू बॅग बाळाच्या डोक्याशी हवी, गाडीच्या डिकीत नाही. ताप येतो, अंग लाल होतं, बीपी उतरतं. ताप आला म्हणून औषध बंद करायचं नाही.

नाभीची शीर जपा. डक्ट उघडी असूनही सॅच्युरेशन वर येत नसेल तर आट्रियममधलं (वरच्या कप्प्यांमधलं) भोक अपुरं आहे. मग ते रुंदावायला रॅशकिंडचा फुगा लागतो (१९६६ पासूनची पद्धत), आणि तो नाभीतून इकोखाली, आयसीयूतच करता येतो.

आता आल्कापा, इथे नेमकं उलटं. सवयीने १०० टक्के ऑक्सिजन लावू नका आणि जोरात व्हेंटिलेट करू नका. फुप्फुसाचा रोध जितका उतरेल तितकी करोनरीतली चोरी (रक्त पीएकडे पळणं) वाढेल. सॅच्युरेशन चांगलं दिसतंय म्हणून सगळे खूश आणि ईसीजीतला एसटी खाली जातोय, असा प्रकार होतो. नाडी वेगवान होऊ देऊ नका, डायस्टोलिक दाब पडू देऊ नका.

सातशून्य

आल्कापाची शस्त्रक्रिया क्रमाने. छाती उघडल्यावर बायपास (हृदय-फुप्फुसाचं काम करणारा पंप) सुरू होईपर्यंत हृदयाला हात लावायचा नाही. हे कप्पे नुसत्या स्पर्शाने फिब्रिलेशनमध्ये (ठोक्याऐवजी नुसती थरथर) जातात. महारोहिणीत कॅन्युला, आट्रियममध्ये व्हीनस कॅन्युला, आणि पंप सुरू होताच दोन्ही पीए शाखांना फास. ही पायरी विसरली तर बाकी सगळं वाया. पंपावर पीए रिकामी झाली की तिच्यातला दाब शून्य होतो, आणि करोनरीचं सगळं रक्त तिकडे सांडतं. फास लावला की पीए भरलेली राहते आणि चोरी थांबते. डावा कप्पा फुगू नये म्हणून उजव्या वरच्या पल्मनरी शिरेतून व्हेंट (रक्त ओढून घेणारी नळी).

कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवून जपणारं द्रावण) महारोहिणीच्या मुळात, आणि पीएच्या मुळातही. मग पीए आडवी कापून आत बघायचं. भोक बहुधा महारोहिणीच्या बाजूच्या मागच्या सायनसमध्ये (मुळाशी असलेला फुगवटा) असतं. तसं असेल तर काम सोपं. बटण सढळ हाताने घ्या, भोकाभोवती पीएची भिंत भरपूर ठेवून. पीए नंतर पेरिकार्डियमचा (हृदयाभोवतीचं आवरण) तुकडा लावून भरता येते, करोनरी लांब करता येत नाही. महारोहिणीच्या डाव्या-मागच्या भिंतीत जागा करून ७-० किंवा ८-० ने शिवण.

भोक पुढच्या सायनसमध्ये असेल तर अंतर पुरत नाही. मग पीएच्याच भिंतीच्या वरच्या-खालच्या पट्ट्या गुंडाळून नळी लांबवायची, किंवा ताकेउची.

पंपावरचा

ताकेउची अजून कोणी करतं का? १९७९ ची गोष्ट ती.

सातशून्य

क्वचित. पीएच्या आतून बोगदा काढायचा : महारोहिणी आणि पीए यांच्यात पाच-सहा मिमीचं भोक, आणि पीएच्या पुढच्या भिंतीची झापड आत वळवून त्या भोकापासून करोनरीपर्यंत छत. ऐकायला सुबक आहे. पुढे बोगदा गळतो, नाहीतर अरुंद होतो, आणि पीएच्या आत अडसर तयार होतो तो वेगळाच. थेट रोपण शक्य असताना ताकेउची करणं म्हणजे दाराला कुलूप असताना खिडकीतून घरात शिरणं, आणि किल्ली खिशातच.

मायट्रल गळतेय म्हणून त्याच बैठकीत तिला हात लावायचा मोह होतो. बहुतेकदा लावू नये. गळती पॅपिलरी स्नायूच्या उपासमारीची आहे. रक्त मिळालं की काही महिन्यांत ती कमी होते, आणि क्लॅम्पचा (महारोहिणीला चाप लावून हृदय थांबवण्याचा) वेळ वाढवण्याइतकी ताकद त्या डाव्या कप्प्यात नसते.

पंपावरचा

पंपाकडचे आकडे टाकतो. ३ किलोच्या बाळात रक्त किती? किलोला ८५ मिली धरलं तर २५५ मिली. नेहमीचं सर्किट आखूड केलं तरी भरायला साधारण २०० मिली लागतात, म्हणजे जवळजवळ बाळाइतकंच दुसरं बाळ बाहेर. नुसत्या सलाइनने भरलं तर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) अर्ध्यावर येईल. त्यामुळे प्राइममध्ये (सर्किट भरणाऱ्या द्रवात) लाल पेशी लागतात, आणि त्या ताज्या. जुन्या पिशवीत पोटॅशियम साचलेलं असतं. रक्त प्राइममध्ये घालून फिरवल्यावर बाळाला जोडण्याआधी त्या रक्ताची गॅस तपासणी करून पोटॅशियम, कॅल्शियम, लॅक्टेट बघायचं. तसंच लावून मोकळं व्हायचं नाही.

हेपरिन किलोला ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप नाही. फ्लो किलोला १५० मिली प्रतिमिनिट, म्हणजे ४५०. तापमान २८ च्या आसपास. परत तापवताना पाणी आणि रक्त यांच्यात १० अंशांपेक्षा जास्त फरक नको.

कार्डिओप्लेजियाचं. स्विचमध्ये बटणं कापून झाली की मुळातून पुन्हा डोस देता येत नाही. दोन्ही भोकांत मऊ टोकाची कॅन्युला घालून द्यावा लागतो, आणि दोन मिमीच्या भोकात ती ढोसणं म्हणजे आतल्या अस्तराला इजा. म्हणून एका डोसवर जास्त वेळ टिकणारं द्रावण सोयीचं. डेल निडो २० मिली प्रतिकिलो, एक भाग रक्ताला चार भाग द्रावण. ६० ते ९० मिनिटांनी गरज पडलीच तर अर्धा डोस. एचटीके हे दुसरं द्रावण आणखी टिकतं, पण ते ४०-५० मिली प्रतिकिलो जातं. हृदयातून बाहेर येताना ते बाहेरच्या सक्शनने ओढून टाकलं नाही, तर सोडियम धाडकन पडतं.

सातशून्य

आता स्विच. सेप्टम शाबूत असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. डावा कप्पा फुप्फुसाच्या कमी दाबावर राहिला की पातळ होतो. इकोत सेप्टम डावीकडे झुकून कप्पा केळ्यासारखा दिसू लागला, तर नुसती स्विच करून तो महारोहिणीचा दाब पेलणार नाही. मग आधी पीएला पट्टा आणि शंट (जोडनळी), कप्प्याची तालीम, मग स्विच. किंवा एक्मो (आयसीयूत काही दिवस चालणारा हृदय-फुप्फुसाचा पंप) तयार ठेवून थेट. मोठा व्हीएसडी (खालच्या कप्प्यांमधलं भोक) असेल तर कप्पा तालमीतच असतो, घाई वेगळ्या कारणाने असते : फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या जाड व्हायच्या आत.

डक्ट तोडा, पीएच्या शाखा पार फुप्फुसाच्या दारापर्यंत मोकळ्या करा. लेकाँतच्या (१९८१) युक्तीने पीए महारोहिणीच्या पुढे आणायची असते. शाखा नीट मोकळ्या नसल्या तर त्या ताणल्या जातात, चपटतात आणि मागची महारोहिणी दाबतात. कुठे काय बसेल याच्या खुणेचे टाके हृदय भरलेलं असताना, क्लॅम्पच्या आधी घालून ठेवा. महारोहिणी सायनसच्या वर कापा, आत बघा, करोनरीचा नकाशा पक्का करा. इको आधी काहीही म्हणू दे, शेवटचा शब्द डोळ्यांचा.

दोन तृतीयांश बाळांत नेहमीची रचना सापडते. त्यानंतर सर्वात जास्त दिसते ती सर्कमफ्लेक्स (एरवी डाव्या करोनरीची शाखा) उजव्या करोनरीतून निघणारी. ती पीएच्या मागून जाते, आणि बटण नेहमीसारखं बसवलं की वळून मुडपते. तिथे नव्या महारोहिणीत गोल भोक न पाडता जे अक्षरासारखा छेद द्या आणि एका बाजूला बिजागरी ठेवून झापड उघडा. बटणाला वळायला लागत नाही, झापडच अर्धं अंतर कापते. उजवं बटण बऱ्याचदा कल्पनेपेक्षा वर बसवावं लागतं. महारोहिणीची शिवण पुरी करून, क्षणभर मूळ भरून बघून मग त्याची जागा ठरवणारे बरेच जण आहेत. माझं मत त्यांच्याच बाजूने.

सगळ्यांत कठीण इंट्राम्युरल. करोनरी भिंतीच्या आतून दोन्ही नळ्यांच्या मधून धावते, भोक चपटं चिरेसारखं, बहुधा झडपेच्या कमिशरला (दोन पाकळ्या जुळतात ती जागा) लागून. बाहेरून काहीच दिसत नाही. कमिशर सोडवा, भिंतीतला भाग आतून उघडा, मोठं बटण काढा, कमिशर परत टांगा. बाहेरून अंदाजाने कात्री चालवली तर नळी उभी चिरली जाते.

बटणांनी रिकाम्या झालेल्या दोन खिडक्या बाळाच्याच पेरिकार्डियमने भरायच्या. ०.६ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये काही मिनिटं ठेवला की तो आवळत नाही आणि हाताळायला सोपा जातो. तुकडा सढळ कापा. कंजूषपणा केला तर पीएचं मूळ अरुंद होतं.

भूलथाप

क्लॅम्प काढल्यावर पहिली दहा मिनिटं पडद्याकडे बघत उभं राहायचं. उजवी करोनरी पुढे आणि वर असते, हवा तिकडेच जाते. उजवा कप्पा फुगला, एसटी उचलला, तर आधी हवेचा संशय. पंपावर दाब थोडा वाढवा, थांबा. हवा असेल तर निघून जाते आणि रंग परत येतो. दहा-पंधरा मिनिटांत सुधारलं नाही, तर ती हवा नाही. बटण वळलंय, ताणलंय किंवा पीएखाली दबलंय. अॅड्रिनलिन वाढवून वेळ काढू नका.

आणखी एक. रक्त थांबत नाही म्हणून मुळाच्या मागे गॉझ कोंबला जातो, आणि तोच गॉझ करोनरी दाबतो. एसटी बदलला की आधी गॉझ काढून बघा.

पंपावरचा

आणि कॅल्शियम. पिशवीतल्या रक्तात कॅल्शियम बांधून ठेवणारं सिट्रेट असतं, तान्ह्याचा स्नायू बाहेरच्या कॅल्शियमवर चालतो. पण क्लॅम्प काढल्याकाढल्या ओतू नका, स्नायूला सावरू दे. पंपावरून उतरण्याआधी आयोनाइज्ड १.१-१.३ पर्यंत आणा. नंतरचं मफ (रक्तातलं जादा पाणी गाळणं) १०-१५ मिनिटं, सावकाश. जोरात ओढलं तर महारोहिणीतूनच ओढता, म्हणजे करोनरीच्या तोंडचा घास.

रात्रपाळी

आयसीयूमधलं. स्विचच्या बाळाचा डाव्या आट्रियमचा दाब ५ ते ८ मध्ये ठेवायचा. बीपी उतरलं की हात आपोआप सलाइनकडे जातो, तो आवरा. ३ किलोच्या बाळाला ३० मिली एकदम दिले की डावा कप्पा फुगतो, फुगला की करोनरी ताणते, ताणली की कप्पा आणखी ढिला पडतो. द्यायचंच तर १५ मिली, सावकाश, दाबाच्या आकड्यावर नजर ठेवून.

मिलरिनोन (हृदयाला जोर देणारं औषध) ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट, बोलस न देता, लघवी कमी असेल तर त्याहून कमी. अॅड्रिनलिन ०.०२ ते ०.०५. सहा ते बारा तासांत हृदयाचा जोर सगळ्यांत खाली जातो हे धरून चाला. संध्याकाळी चारला आलेलं बाळ रात्री एकला ढासळणार, तर साडेबाराला लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) हातात हवं.

डाव्या आट्रियमचा दाब चढतोय, वेंट्रिक्युलर एक्टोपी (खालच्या कप्प्यांचे अवेळी ठोके) येतेय, एसटी हललाय : हे तीन एकत्र दिसले की करोनरीच, उलट सिद्ध होईपर्यंत. सर्जनला फोन, इको, आणि छाती उघडायचा ट्रे खाटेशी. बऱ्याच बाळांची छाती एक-दोन दिवस उघडीच ठेवतात, ती याच कारणाने.

डाव्या आट्रियमच्या लाइनमध्ये एक बुडबुडासुद्धा नको, तो सरळ मेंदूत जातो. ती लाइन काढाल तेव्हा ड्रेन (छातीतली निचरा नळी) अजून जागेवर हवा. आधी ड्रेन आणि मग लाइन असा उलटा क्रम झाला तर आत साचलेलं रक्त कळत नाही.

तालुका_डॉक

आल्कापाच्या बाळाला पंपावरून उतरताच येत नसेल तर?

सातशून्य

एक्मो, आणि तोही लाज न बाळगता. करोनरी उघडी आहे याची खात्री असेल, तर तो स्नायू मेलेला नाही, दमलेला आहे. काही दिवस आराम मिळाला की उचलतो. पूर्ण सावरायला महिने लागतात, पण सावरतो. मात्र आधी खात्री करा. मुडपलेल्या बटणावर एक्मो लावून वाट बघण्याला अर्थ नाही.

रात्रपाळी

घरी जाण्याआधी : रडण्याचा आवाज बसका आहे का (डक्टजवळच्या नसेला इजा), एका बाजूचा डायाफ्रॅम हलतो का, ड्रेनमधलं पाणी दूध सुरू केल्यावर पांढरं झालं का. बसक्या आवाजाच्या बाळाचं दूध श्वासनळीत जातं, त्याला चमचा-वाटीची घाई नको.

प्रोबवाली

पुढच्या तपासण्यांत पीएच्या शाखा, नव्या महारोहिणीच्या मुळाचा व्यास आणि तिची गळती बघायचीच. करोनरीच्या बाबतीत मात्र नॉर्मल इकोवर समाधान मानू नका. एक नळी पूर्ण बंद असून मूल खेळतं-बागडतं असू शकतं, कारण बाजूच्या वाहिन्या काम चालवतात. शाळेत जायच्या सुमारास एकदा सीटी अँजिओ, मोठेपणी व्यायामाची चाचणी. आणि अॅस्पिरिन चालू असेल (बहुधा ३ ते ५ मिग्रॅ प्रतिकिलो, काही महिने), तर कांजिण्या किंवा फ्लू झाल्यास ती स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये आणि बंदही करू नये. त्याच दिवशी फोन करून विचारायचं. हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा.